जळगावच्या हवेत हार्मनी रॉकेट

जॅझसाठी गोल आणि मऊ नादाची पोकळ अंगाची गिटार हवी असेल, पण १९४९ साली आलेल्या गिब्सन ईएस-१७५ चे जुने नग आवाक्याबाहेर असतील, तर शिकागोच्या हार्मनी कंपनीची १९६० च्या दशकातली रॉकेट अवश्य पाहावी, असे ही गिटार जळगावात वापरल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

माझ्याकडची गिटार दोन पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या दोन चुंबकीय भागांची आहे. अमेरिकेतल्या टोलेडोच्या रो कंपनीने बनवलेल्या या डीआर्मंड पिकअपपैकी नेकजवळचा (गिटारच्या दांड्याजवळचा) लावून टोनचे बटण निम्म्याहून खाली आणले, की मंद स्वरांना भरदार गोलाई येते आणि चार स्वरांच्या कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. अंग मेपलचे पातळ थर चिकटवून केलेले असल्याने अखंड लाकडाच्या महागड्या आर्चटॉपची (कमानदार पृष्ठाच्या गिटारची) खोली तिच्यात नाही. मात्र तडे जाण्याची भीतीही त्यामुळेच कमी राहते. वीज गेली तरी अँपशिवाय खोलीपुरती ती स्पष्ट वाजते, आणि भारनियमनाच्या रात्री रियाज करणाऱ्याला याचे मोल सांगायला नको.

खरी परीक्षा हवामानाची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा कोरड्या हवेने फिंगरबोर्ड (नेकवरची बोटे ठेवायची पट्टी) आकसतो, फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोके बोटांना टोचतात, नेक मागे झुकते आणि तारा फ्रेटला लागून झणझणतात. पावसाळ्यात नेमके उलट होऊन तारा उंच होतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सुधारणारी आतली सळई, थोडाथोडाच फिरवावा आणि उन्हाळ्यात केसमध्ये ओला स्पंज छिद्रे पाडलेल्या डबीत ठेवावा. ब्रिज (अंगावरचा तारा टेकवणारा भाग) चिकटवलेला नसून तारांच्या दाबावर उभा असतो, म्हणून तारा एकेक करूनच बदलाव्यात आणि नंतर ब्रिज सरकला नाही ना हे पाहण्यासाठी बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता फक्त स्पर्श करून काढलेल्या स्वराशी) ताडून पाहावा.

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रासारख्या मोठ्या आवाजाच्या मंचासाठी ही गिटार घेऊ नये, कारण अँप जवळ असला की पोकळ अंग लगेच फीडबॅक देते, म्हणजे अँपचा आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरून कर्कश घुमतो. या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची घरघरही अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या घरांत जाणवते. घरी किंवा छोट्या बैठकीत वाजवणाऱ्याने ती निःशंक घ्यावी, फक्त ०.०१२ इंचाच्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांचे दोन संच मुंबईहून आधीच मागवून ठेवावेत.