आयरिश पऱ्यांचं कॅलेंडर, वर्षभर भिंतीला लटकवून झालं

गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेलं, साडेसहाशेला पडलं. बारा पानं, पुढं मोठं चित्र आणि पानामागं इंग्रजीत त्या त्या महिन्याच्या आयरिश लोककथा, रूढी, झाडंझुडपं, पऱ्या वगैरे. वर्षभर हॉलमधे लटकवलं, पान न् पान वाचलं, म्हणून आता लिहितोय.

आधीच सांगून ठेवतो, आम्ही दाते पंचांगाच्या गावची, सोलापूरची माणसं, कॅलेंडरच्या बाबतीत लय चिकित्सक. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्यात संकष्टी कुठाय रे?" नाहीये. रविवार लाल नाही, आठवडा सोमवारपासून, आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे तारखांच्या चौकटी इतक्या बारीक की दुधाचा खाडा लिहायला जागाच नाही. तारीख बघायला घेणार असाल तर घेऊच नका, कालनिर्णयच्या खिळ्याला हात लावू नका. हे वाचायचं कॅलेंडर आहे.

पहिलं पान नोव्हेंबरचं निघालं तेव्हा मला वाटलं छपाईचा घोळ, रिटर्न टाकणार होतो. मग मागचं वाचलं तर ते मुद्दाम तसं होतं. जुन्या आयरिश हिशोबात दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणजे आधी रात्र मग दिवस, आणि तसंच वर्षही अंधाराच्या बाजूनं मोजायचं, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून हिवाळा आणि त्याच्यासोबत नवं वर्ष. त्या सणाचं नाव 'साउइन'. मी चार महिने 'सॅमहेन सॅमहेन' करत होतो, कारण स्पेलिंग तसं आहे आणि ह्या लोकांनी उच्चार कुठंच दिलेला नाही. एवढं महागाचं कॅलेंडर काढता, कोपऱ्यात उच्चार द्यायला काय जातंय बे तुमचं?

पण त्याच पानावर पूकाची गोष्ट आहे आणि तिथंच माझे पैसे वसूल झाले. पूका म्हणजे रूप बदलणारं भूत, बरेचदा काळ्या घोड्याच्या रूपात येतं. साउइन झालं की हा रानातल्या ब्लॅकबेरीवर थुंकतो (काही ठिकाणी मुततो म्हणतात), म्हणून त्यानंतर पोरांनी त्या खायच्या नाहीत. आता आपल्याकडचं बघा, तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरं-आवळे तोंडाला लावायचे नाहीत, "बोर भाजी आवळा" म्हणत देवाला दाखवायचे मग खायचे. दोन्ही साधारण एकाच सुमाराला! तिकडं रानमेव्याचं दुकान बंद होतं तेव्हा इकडं उघडतं. तिकडं थंडीनं फळ नासतं म्हणून भुताची भीती, इकडं बोर कच्चं असतं म्हणून देवाचा धाक. हे कॅलेंडरमधे लिहिलेलं नाही हां, हे माझं डोकं.

दुसरं आवडलेलं म्हणजे नावं न घेण्याची पद्धत. पऱ्या म्हणजे आपल्या डोळ्यासमोर पंख आणि चांदणीची काठी येते ना, तसं काही नाही. ही जमिनीखाली, जुन्या टेकाडात राहणारी मंडळी, 'शी' म्हणजेच टेकाड. वाकड्यात गेलं तर गुरं आजारी पाडतील, म्हणून थेट नाव न घेता 'भली माणसं' म्हणायचं. वाचून बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं, आपण रात्री सापाला लांबडं म्हणतोच की." बरोबर आहे. मामाच्या शेतात मंगळवेढ्याकडं विहिरीवर साती आसरांचे दगड आहेत, वेळ अमावस्येला शेतात ज्वारीच्या कडब्याची खोप करून पूजा झाली की विहिरीकडं पण निवद जातो, आणि तिथं कुणी मोठ्यानं चेष्टा करत नाही. आयर्लंडचे शेतकरी त्या गोल टेकाडांवर नांगर घालत नाहीत ते ह्याच हिशोबानं.

मे महिन्याचं पान मात्र सगळ्यात भारी. एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाचं चित्र, पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेलं. ही फुलं घरात आणायची नाहीत आणि एकटं झाड तोडायचं नाही, ते 'त्यांचं'. १९९९ ला क्लेअर परगण्यात लाटून इथं हायवेच्या वाटेत असंच एक झाड आलं, तेव्हा एडी लेनिहान नावाचे कथा सांगणारे गृहस्थ उभे राहिले, म्हणाले इथं मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या कनॉट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला जाताना जमतात, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. आणि झाड राहिलं, रस्ता त्याच्या बाजूनं गेला. हे वाचताना मला आपल्या मिरजेच्या बाजूचा भोसे गावातला, यल्लम्माच्या देवळाजवळचा वड आठवला, सोलापूरकडं येणाऱ्या हायवेत जाणार होता, २०२० ला लोकांनी आवाज उठवला आणि वाचला. तिकडं पऱ्या होत्या, इकडं यल्लम्मा.

त्याच पानावर ब्याल्तना, म्हणजे १ मे, त्यांचा उन्हाळा सुरू. दोन शेकोट्या पेटवून त्यांच्या मधून गुरं हाकायची, रोगराई जाते म्हणून. मी हे सोलापुरात मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, बनियनवर बसून वाचलं. आपल्याकडं गुरांना शेकोटी कशाला, दुपारी नुसतं बाहेर सोडलं तरी पुरे.

बाकी पानं ठीक. फेब्रुवारीचं ब्रिजिद ह्या आयरिश संत बाईचं पान गोड आहे, लव्हाळ्याचे क्रॉस विणून दाराला लावतात, आणि तिच्या दिवसाची सुट्टी आयर्लंड सरकारनं २०२३ पासून सुरू केलीये. डिसेंबरला न्यूग्रेंज, पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी, सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास सकाळी ऊन थेट आतल्या खोलीत जातं, सतराएक मिनिटं. कोल्हापूरचा किरणोत्सव बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्टला केरी परगण्यातली पक फेअर नावाची जत्रा, जंगली बोकड पकडून राजा करतात. आपल्याकडं श्रावणात बोकडाचा नुसता जीव वाचतो, तिकडं मुकुट मिळतो. जून-जुलै मात्र उगाच भरलेले वाटले, फुलांची चित्रं आणि दोन ओळी, झालं.

कागद जाड पण फार गुळगुळीत, ट्यूबलाइट चमकते, वाचायला मान वाकडी करावी लागते. पार्सलची नळी चेपून आली होती, दोन पानांना घडी पडली, विकणाऱ्याला फोटो पाठवला तर "सॉरी सर" एवढाच रिप्लाय. वर्षभर फॅनच्या वाऱ्यात फडफडून स्पायरल पण सुटायलंय.

माझ्याकडून चार स्टार. एक खाड्याच्या जागेसाठी कापलाय, पण त्यावर आईनं स्वतःच मार्ग काढला. मेच्या पानावर एक गोष्ट आहे, ब्याल्तनाच्या पहाटे पऱ्या आणि चेटकिणी गाईचं दूध-लोणी पळवतात म्हणून शेतकरी रात्रभर जागा राहतो. आईला इंग्रजी येत नाही. तिला त्या पानावर लिहायला पांढरी जागा दिसली ती हॉथॉर्नच्या फुलांवर, तिथं बॉलपेननं ठळक लिहून ठेवलंय, "१ तारीख, दूध आलं नाही".