मेसियाँचा ‘काळाच्या अंतासाठी’ क्वार्टेट: आधी कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं?

फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँची क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठीची ही आठ भागांची रचना स्ट्रीमिंगवर शोधली की पर्यायांचा ढीग समोर येतो. त्यातली चार रेकॉर्डिंग इथे शेजारी ठेवली आहेत: खुद्द मेसियाँने पियानो वाजवलेलं 1956 चं, ‘ताशी’ गटाचं 1975 चं, म्युंग-व्हुन चुंग, गिल शाहम, पॉल मेयर आणि जियान वांग यांचं 2000 च्या आसपासचं, आणि मार्टिन फ्रॉस्ट, जनीन यान्सन, तॉर्लेफ तेदेएन व ल्युका देबार्ग यांचं 2017 चं.

परीक्षणं वाचताना एक सावधगिरी हवी. 15 जानेवारी 1941 रोजी जर्मनीतल्या गोर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत, जिथे मेसियाँ स्वतः कैदी होता, कडाक्याच्या थंडीत, ही रचना पहिल्यांदा वाजली. मेसियाँ पुढे सांगत असे की चेलोला तीनच तारा होत्या आणि श्रोते पाच हजार होते. प्रत्यक्ष चेलो वाजवणाऱ्या एतिएन पास्किएने मात्र तारा चारच होत्या असं ठामपणे सांगितलं, आणि त्या बराकीत काही शेकड्यांपलीकडे माणसं मावणं शक्य नव्हतं. ही कहाणी इतकी जबर आहे की अनेक परीक्षणांचा निम्मा भाग तिच्यावरच खर्च होतो, आणि वादन कसं आहे हे दोन विशेषणांत उरकलं जातं. म्हणून परीक्षणात भागांचे क्रमांक देऊन काही म्हटलंय का, ते आधी पाहावं.

स्वतः तपासायचं असेल तर पूर्ण रचना चारदा ऐकायची गरज नाही. तिसरा, पाचवा आणि सहावा, एवढे भाग पुरेत.

तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा. त्यात एकच लांब स्वर ऐकू येईल न येईल अशा आवाजातून उगवतो आणि कानठळ्या बसेपर्यंत वाढतो. यात दोन चुका होतात. स्वर सुरू होताना जिभेचा ठोका ऐकू येतो, म्हणजे तो शून्यातून येत नाही. किंवा वाढ अर्ध्यातच संपते आणि पुढे नुसता मोठा आवाज उरतो. इथे फ्रॉस्ट सगळ्यांच्या पुढे आहे. त्याचा स्वर नेमका कुठे सुरू झाला हे कानाला सांगता येत नाही. ताशीचा रिचर्ड स्टॉल्ट्झमन स्वराला कंप देतो. पाश्चात्त्य अभिजात क्लॅरिनेटवर हे सहसा करत नाहीत, म्हणून त्याच्याबद्दल मतं कायम विभागलेली राहिली. गळ्याचं संगीत ऐकून तयार झालेल्या कानाला तो कंप बहुधा खटकणार नाही.

पाचवा भाग चेलो आणि पियानोचा. सूचना आहे ‘अनंत संथ’, आणि पियानोच्या ठोक्यांची गती मिनिटाला सुमारे 44, म्हणजे एक ठोका जवळजवळ 1.36 सेकंदांचा. एवढ्या संथ गतीत चेलोवादकाचा गज पुरत नाही. गज वळवताना सांधा ऐकू आला की ओळ तुटते. तो लपवायला गती वाढवली की ध्यान मोडतं. चुंगच्या रेकॉर्डिंगमध्ये जियान वांगची ओळ अखंड राहते, आणि चुंग पियानोच्या ठोक्यांना घड्याळ होऊ देत नाही. संथ भागांसाठीच ही रचना हवी असेल तर हे घ्यावं. आठवा भाग व्हायोलिनचा, तोही याच जातीचा. तिथे शाहमचा सूर गोड आहे, माझ्या मते किंचित जास्तच गोड.

सहाव्या भागात चारही वाद्यं एकच सुरावट एकत्र वाजवतात. हार्मनी, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांचा एकत्र मेळ, नाही, त्यामुळे लपायला जागा नाही. मात्रांमध्ये मध्येच अर्धी-पाव भर पडत असते. गट एकमेकांच्या सवयीचा नसेल तर कडा फाटतात आणि सूर किंचित वेगळे पडतात. ताशी गट 1973 मध्ये हीच रचना वाजवण्यासाठी जमला होता, आणि ते इथे कळतं: पीटर सर्किनच्या पियानोमागे तिघे एका श्वासात चालतात. बाकीच्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये चार उत्तम एकल कलाकार ऐकू येतात. इथे एक गट ऐकू येतो.

पहिल्या भागाबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला हवं. त्यातल्या पियानोची लय 17 कालमूल्यांची आहे आणि ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या देशी तालांतून घेतलेली आहे. हे ताल शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधले, म्हणजे तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, आजच्या दौलताबादला, लिहिलेल्या ग्रंथातले. मेसियाँला त्यांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. त्याने फक्त लांबी-आखूडपणाचे नमुने घेतले, त्यामुळे टाळी देत सम शोधू नये, सापडणार नाही. या 17 मूल्यांवर 29 कॉर्ड्सचं (एकदम वाजणाऱ्या स्वरगुच्छांचं) वेगळं चक्र फिरतं. दोन्ही पुन्हा एकत्र यायला 493 कॉर्ड्स लागतील, आणि भाग त्याच्या खूप आधी संपतो. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखे किलबिलतात. त्या किलबिलाटाखाली पियानो बुडाला तर सगळं गणित ऐकणाऱ्यासाठी वाया जातं. ताशीमध्ये ते सर्वांत स्पष्ट ऐकू येतं.

म्हणून पहिलं रेकॉर्डिंग ताशीचं. कंप नकोच असेल तर फ्रॉस्टचं.

1956 चं रेकॉर्डिंग पहिलं म्हणून घेऊ नये. ते मोनो आहे, आणि जुन्या ध्वनिमुद्रणात टोकाचे हळू आणि मोठे आवाज दोन्ही दबतात. तिसऱ्या भागाचं त्यात नुकसान होतं. पण पियानोवर रचनाकार आणि चेलोवर छावणीतलाच एतिएन पास्किए असं दुसरं कुठे मिळणार नाही (व्हायोलिनवर त्याचा भाऊ झाँ, क्लॅरिनेटवर आंद्रे व्हासेलिए). एखादं नवं रेकॉर्डिंग अंगवळणी पडल्यावर ते ऐकावं.

कोणतंही लावताना आवाजाची पातळी सहाव्या भागाच्या शेवटाकडच्या सर्वांत मोठ्या जागेवर ठरवावी, मग पहिल्यापासून सुरू करावं. तिसऱ्या भागात काही ऐकू येत नाही म्हणून बटण फिरवलं की तो एक स्वर हातचा जातो. अ‍ॅपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंगही बंद ठेवावं.