जुन्या पेट्रोल बोटीसाठी पर्ट्रॉनिक्स इग्नायटर किट: घ्यावं का?

पावसाळाभर बोट झाकून ठेवली की सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) काळे पडतात. दिवाळीच्या सुमारास नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर उतरवायला जावं, तर सेल्फ फिरतो पण प्लगला करंट नाही. पॉलिश पेपर मारून काम भागतं, पण पॉइंटचा फायबर झिजत जातो, गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढून टाकणारं हे किट त्यावर खरोखर चांगला उपाय आहे. चुंबकाची रिंग डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) शाफ्टच्या कॅमवर बसते, पॉइंटच्या जागी सेन्सरचं मॉड्यूल येतं. घासणारं काही उरतच नाही.

ऑर्डर देताना इंजिनचं नाव सांगून थांबू नका. एकाच मॉडेलच्या इंजिनावर डेल्को, मॅलरी किंवा प्रेस्टोलाइट यांपैकी कुठल्याही कंपनीचा डिस्ट्रिब्युटर असू शकतो. त्याच्या बॉडीवरचा नंबर वाचून किट मागवा. शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहा. बुश सैल असेल तर आधी तो बदला. नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या टर्नरकडे तो बनवून मिळतो.

बसवणं सोपं आहे: लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. फसगत होते ती व्होल्टेजमध्ये. बऱ्याच जुन्या इंजिनांत कॉइलच्या आधी रेझिस्टर किंवा रेझिस्टन्स वायर असते, त्यामुळे कॉइलवर पूर्ण १२ व्होल्ट येत नाहीत. मॉड्यूलला मात्र ते लागतात. म्हणून लाल वायर रेझिस्टरच्या अलीकडून, चावीच्या बाजूने घ्या. कॉइलची प्रायमरी (प्लस आणि मायनसमधला रेझिस्टन्स) मल्टिमीटरने मोजा: ४ आणि ६ सिलिंडरला किमान ३ ओहम, ८ सिलिंडरला १.५ ओहम. कमी भरली तर कॉइल जास्त अँपिअर ओढते आणि मॉड्यूल तापून जातं. प्लगला जाणाऱ्या हायटेन्शन वायर कार्बन कोअरच्या घ्या, साध्या तांब्याच्या नकोत.

आणखी एक जागा हमखास राहून जाते. डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट बॉडीला जोडणारी बारीक विणलेली अर्थिंगची वायर. स्क्रूखाली ती हिरवी पडलेली असते, अर्धे तार तुटलेले असतात. मॉड्यूलला अर्थ प्लेटमधूनच मिळतो, त्यामुळे इंजिन मिसिंग करू लागलं की दोष किटला लावण्याआधी ही वायर पाहा. सगळं जोडून झाल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा सेट करायलाच हवं. पॉइंटवरचं जुनं सेटिंग इथे चालत नाही.

स्वस्त मिळाला म्हणून गाडीचा डिस्ट्रिब्युटर बोटीला कधीच लावू नका. बोटीच्या डिस्ट्रिब्युटरच्या व्हेंटला जाळी असते, आतली ठिणगी बाहेरच्या पेट्रोलच्या वाफेला लागू नये म्हणून. काम करताना ती जाळी जागेवर आहे ना, ते बघा. सेल्फ मारण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा.

पहिल्या पिढीच्या इग्नायटरची एक खरी उणीव आहे: इंजिन बंद असताना चावी ऑन राहिली तर मॉड्यूल जळू शकतं. तेव्हा पाण्यात जाताना जुने पॉइंट, कंडेन्सर आणि गॅप मोजायचा फिलर गेज टूलबॉक्समध्ये असू द्या. फ्लायव्हील मॅग्नेटोवर चालणाऱ्या आउटबोर्डला हे किट लागत नाही, त्यांच्यासाठी पैसे घालू नका.