कोऑर्डिनेट, ऑर्गनाइझ की कोलॅबोरेट? इंग्रजी अर्जात कुठला शब्द लिहायचा

लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही कॉलेजातल्या मुलामुलींचा इंग्रजी बायोडेटा हातात घ्या, एक क्रियापद हमखास भेटतं : कोऑर्डिनेटेड. गॅदरिंग कोऑर्डिनेट केलं, रक्तदान शिबिर कोऑर्डिनेट केलं, आईच्या बचत गटाचा स्टॉल कोऑर्डिनेट केला. मुलाखतीत समोरचा विचारतो, 'म्हणजे तुम्ही नेमकं काय केलं?' आणि तिथे गाडी अडते. काम खरं असतं, पुष्कळदा मोठं असतं, पण कागदावरच्या शब्दातून ते दिसत नाही. शहरातल्या मुलांना असे शब्द लहानपणापासून कानावर पडतात, आपल्याकडच्या मुलांना ते कुणी उलगडून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शब्द निवडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. निर्णय कोणाचा होता? आणि प्रत्यक्ष हात कोणाचे लागले? वरवर सारखे वाटणारे हे शब्द या दोन प्रश्नांनी वेगळे होतात.

कोऑर्डिनेट म्हणजे वेगवेगळ्या लोकांची आपापल्या जागी चाललेली कामं एकमेकांशी जुळवणं. हे लोक तुमच्या हाताखाली नसतात, आणि मुख्य कामही तुम्ही स्वतः करत नसता. मूळ लॅटिनमधल्या 'ऑर्डो'चा अर्थ क्रम, आणि त्या क्रमालाच इथे महत्त्व आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आठवा. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन निघाल्या, मिरजेला त्यांत पाणी भरलं आणि लातूरला ते उतरवून घ्यायची सोय करावी लागली. १२ एप्रिलला पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोचलं. रेल्वेवाले, सांगलीकडचे अधिकारी, लातूरचं प्रशासन, यांत कोणी कोणाचा साहेब नव्हता, पण एकाला उशीर झाला असता तर पुढच्याचं काम खोळंबलं असतं. अशी कामं जुळवणाऱ्यानं कोऑर्डिनेटेड हा शब्द हक्कानं लिहावा. गावपातळीवरही हेच. उन्हाळ्यात तहसील, टँकरचा ड्रायव्हर आणि ज्याची विहीर अधिग्रहित झाली तो शेतकरी, या तिघांना फोन करून खेपा लावणारा पोरगा कोऑर्डिनेटच करत असतो. वाक्यात या शब्दापुढे काम येतं आणि मग 'विथ' लावून माणसं येतात : 'कोऑर्डिनेटेड टँकर ट्रिप्स विथ द तहसील ऑफिस'.

पण मुलं जिथे कोऑर्डिनेट लिहितात, तिथे निम्म्याहून जास्त वेळा खरा शब्द ऑर्गनाइझ असतो. यावर थोडं थांबतो, कारण नुकसान इथेच सगळ्यात जास्त होतं. एका मुलीच्या बायोडेटात ओळ होती, 'कोऑर्डिनेटेड एनएसएस कॅम्प', म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. तिला खोदून विचारलं तेव्हा कळलं, की सात दिवसांच्या त्या शिबिरासाठी सरपंचांना भेटून शाळेच्या खोल्या तिनं मिळवल्या होत्या. किराण्याची यादी तिची, दुकानदाराकडची उधारी तिच्या शब्दावर. मुलींच्या आंघोळीसाठी पत्रे उभे करून आडोसा केला तोही तिनं. स्वयंपाकाच्या पाळ्या, टिकाव-फावड्यांची मोजणी, सकाळच्या श्रमदानाचे गट, सगळं तिच्या वहीत. कागदावर सही अर्थातच कार्यक्रम अधिकाऱ्यांची. जिथे काहीच नव्हतं तिथे शिबिर उभं राहिलं, आणि ते हिनं उभं केलं. याला ऑर्गनाइझ म्हणतात. 'कोऑर्डिनेटेड' वाचून समोरच्याला वाटणार, की हिनं चारदोन फोन केले असतील. आम्ही ती ओळ अशी बदलली : 'ऑर्गनाइझ्ड फूड, स्टे अँड डेली वर्क फॉर अ सेव्हन-डे व्हिलेज कॅम्प'. कार्यक्रम अधिकाऱ्यांचं श्रेय यात कुठे हिरावलं जात नाही, कारण जेवण, मुक्काम आणि रोजचं काम एवढ्यापुरताच तिचा दावा आहे.

ऑर्गनाइझचा दुसरा अर्थ माणसांना संघटित करणं हा आहे, आणि तो वजनदार आहे. अमेरिकेत नुसतं 'ऑर्गनायझर' म्हटलं तरी कामगार संघटना उभारणारा किंवा वस्तीतल्या लोकांना हक्कांसाठी एकत्र आणणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बराक ओबामा राजकारणात येण्याआधी, १९८५ पासून, शिकागोत हेच काम करत होते. त्यामुळे बीडच्या एखाद्या मुलानं 'ऑर्गनाइझ्ड शुगरकेन कटर्स' लिहिलं, तर वाचणारा समजणार की यानं ऊसतोड मजुरांची संघटना बांधली. तुम्ही त्यांच्या मुलांना वह्या वाटल्या असतील तर ते काम चांगलंच आहे, पण हा शब्द त्यासाठी नाही. आणि खरंच कोपीवरच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांतल्या, बायकांना एकत्र बसवून मुकादमाकडे एका तोंडानं बोलायला उभं केलं असेल, तर मात्र संकोच करू नका, बेधडक लिहा. ग्रामसभेला किंवा लसीकरणाला लोक गोळा करून आणले असतील तर 'मोबिलाइझ्ड' जास्त नेमकं. सामाजिक संस्थांमध्ये तो शब्द रोजच्या वापरातला आहे.

स्पेलिंगमध्ये शेवटी एस की झेड, याची धास्ती नको. अमेरिकेत झेड, ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी एस, आणि खुद्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात झेड. दोन्ही बरोबर, फक्त एका बायोडेटात एकच ठेवा.

कोलॅबोरेट हा सध्याचा लाडका शब्द. कंपन्यांच्या जाहिरातींत तो जागोजागी दिसतो म्हणून मुलं उचलतात. यात 'लेबोर' आहे, म्हणजे कष्ट, आणि तेही बरोबरीच्या नात्यानं केलेले. दोघांनी मिळून एकच गोष्ट घडवली आणि तिच्यात दोघांचंही डोकं लागलं, तरच हा शब्द शोभतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी कीटकशास्त्राचा, दुसरा विस्तार शिक्षणाचा, आणि दोघांनी मिळून गुलाबी बोंडअळीवर शेतकऱ्यांसाठी एक घडीपत्रिका तयार केली, तर ते कोलॅबोरेशन. जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन देऊन आलात आणि 'कोलॅबोरेटेड विथ कलेक्टर ऑफिस' लिहिलंत, तर तो फुगवटा झाला, आणि मुलाखत घेणाऱ्याला तो लगेच कळतो. व्याकरणातही हा शब्द अडचणीत आणतो. 'कोलॅबोरेटेड द प्रोजेक्ट' हे चूक, 'कोलॅबोरेटेड ऑन द प्रोजेक्ट विथ' अमुक हे बरोबर. मला स्वतःला हा शब्द एका बायोडेटात एकदाच आलेला बरा वाटतो.

त्याला एक काळी बाजूही आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनीकडून हरलेल्या फ्रान्सचे प्रमुख मार्शल पेतँ यांनी हिटलरची भेट घेतली आणि मग रेडिओवरून जर्मनीशी 'कोलॅबोरेशन'चा मार्ग धरल्याचं देशाला सांगितलं. तेव्हापासून 'कोलॅबोरेटर' हे नाम शत्रूला सामील झालेल्या माणसासाठी वापरलं जातं. आपल्याकडची जुनी माणसं १९४८ च्या आधीच्या गोष्टी सांगताना रझाकारांना आतून मिळालेल्या लोकांबद्दल ज्या सुरात बोलतात, तोच सूर युरोपात या नामाला आहे. क्रियापदाला हा डाग फारसा लागलेला नाही. तरी इतिहास किंवा राजकारणाशी संबंधित लिखाणात सोबत काम करणाऱ्याला 'को-वर्कर' किंवा 'पार्टनर' म्हणा, नाम टाळा.

कोऑपरेट मी अर्जात लिहू देत नाही. सहकाराशी नातं असलेला शब्द म्हणून तो आपल्याला जवळचा. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेलमध्ये विणकरांनी आणि इतर कामगारांनी काढलेल्या दुकानापासून आपल्या सोसायटीपर्यंत त्याची मोठी परंपरा आहे, आणि 'को-ऑपरेटिव्ह' हे नाम मानाचंच आहे. क्रियापदाची गोष्ट मात्र वेगळी. पोलिसांना आरोपी 'कोऑपरेट' करतो, दवाखान्यात रुग्ण 'कोऑपरेट' करतो. म्हणजे सांगितलं ते ऐकलं, आडकाठी केली नाही. ज्यानं काम केलं त्याच्याविषयी एवढंच का सांगायचं? शिवाय घाईत त्याचं स्पेलिंग 'कॉर्पोरेट' होऊन बसतं, तेही जपा.

लिएझ हा दोन कार्यालयांमधला दुवा होण्यासाठी. पंचायत समितीत कागद घेऊन जाणं, बँकेतून उत्तर आणणं, हे ज्यांचं काम होतं त्यांच्यासाठी ठीक. लिहिताना त्यातला दुसरा आय गळतो, तेवढं बघा.

फॅसिलिटेटला मात्र न्याय मिळायला हवा. लोक स्वतः ठरवतात, स्वतः करतात, आणि तुम्ही त्यांना ते सोपं करून देता, असा त्याचा अर्थ. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम झाला, तेव्हा गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. घरमालकाला माहिती देणं, त्याचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत नेणं, दुरुस्ती नीट होते का बघणं. घर त्याचं, निर्णय त्याचा. हे फॅसिलिटेशनचं चोख उदाहरण. बचत गटांच्या बैठका चालवणाऱ्या, वहीखातं शिकवणाऱ्या आपल्या ताया हेच करतात, आणि बायोडेटात 'हेल्प्ड विमेन' एवढंच लिहून मोकळ्या होतात. तायांनो, 'फॅसिलिटेटेड वीकली मीटिंग्ज' लिहा. जे केलं तेच त्यात आहे.

राहिला प्रश्न जाहिरातीतल्या शब्दाचा. प्रभाग समन्वयकाची जागा असेल आणि जाहिरातीत कोऑर्डिनेट दोनदा आलं असेल, तर तो शब्द तुमच्या अर्जातही दिसायला हवा, कारण छाननी करणारा तोच शोधत असतो. जे काम खरोखर जुळवाजुळवीचं होतं, त्या ओळीत तो लिहा आणि ती ओळ सगळ्यात वर घ्या. खालच्या ओळींत ज्या कामाचं जे क्रियापद असेल तेच ठेवा, आणि प्रत्येकापुढे गावाचं नाव आणि महिना टाका.