नवा म्हणून बसवलेला आमचाच स्टिअरिंग बॉक्स

आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांनी १९८४ मध्ये घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यामुळे २०२४ मध्ये ती पुन्हा आरटीओत दाखवायची होती. त्याच सुमारास स्टिअरिंगला प्ले आला. स्टिअरिंगचे चाक दोन-अडीच इंच फिरवले तरी गाडी वळायचे नाव घेत नसे, आणि खड्ड्यातून जाताना कॉलममधून, म्हणजे त्या चाकाखालच्या दांड्यातून, खडखड ऐकू येई. या घाईच्या दिवसांत माझी जी फसवणूक झाली, ती जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी, सांभाळणाऱ्या इतर कुटुंबांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. काळीपिवळ्यांचा जोर होता तोवर तिचे सुटे भाग दारोदार मिळत आणि कोणत्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला या गाडीची नस माहीत असे. आता माहितगार हात थोडे उरले आहेत, सामान शोधावे लागते आणि सांगितलेली किंमत खरी की खोटी हे पडताळायला दुसरे दुकान समोर नसते.

पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी गाडी नेली. तिथल्या मेकॅनिकने स्टिअरिंगचे चाक वर-खाली हलवून दाखवले, मग गिअरचा दांडा धरून कॉलम खडखडवला आणि निकाल दिला की कॉलम गेला आहे, बॉक्सही (स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांकडे पोचवणारी पेटी) गेला आहे, दोन्ही बदलल्याशिवाय गाडी पास होणार नाही. एका जुन्या गोडाउनमध्ये कंपनीचा न वापरलेला बॉक्स शिल्लक आहे, मात्र तो आजच उचलावा लागेल, असेही त्याने सांगितले. एकूण खर्च २८,००० रुपये होता. १५,००० रुपये आगाऊ दिले आणि बाकीचे काम झाल्यावर दिले. बिल मागितले तेव्हा जुन्या मालाचे पक्के बिल होत नाही असे उत्तर मिळाले; जुना बॉक्स मागितला तेव्हा तो बदलीत दिला असे सांगण्यात आले. या दोन्ही उत्तरांवर मी गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते, कारण खरे-खोटे करण्याची वेळ तीच होती.

गाडी परत आली तेव्हा काळ्या रंगाने चकचकीत झालेला बॉक्स दिसत होता आणि स्टिअरिंग बरेच जड लागत होते. तो जडपणा म्हणजेच दुरुस्ती, असा माझा समज झाला. तीन आठवड्यांनी दादरला खोदादाद सर्कलवर वळण घेतल्यानंतर चाक आपणहून सरळ होईना. दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ करावी लागली, तोपर्यंत ती शेजारच्या बसच्या अगदी जवळ गेली होती. मागच्या सीटवर माझी आई बसलेली होती.

माटुंग्याला आयुष्यभर टॅक्स्या दुरुस्त केलेले एक वयस्कर मेकॅनिक आहेत. त्यांनी बॉक्सला हात लावण्याआधी गाडी जमिनीवरच सरळ चाकांनी उभी केली, इंजिन बंद ठेवले, मला आत बसवून स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवत राहायला सांगितले आणि स्वतः खाली वाकून पाहिले. पाहण्याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. स्टिअरिंग हलते पण बॉक्समधून निघालेला दांडा, म्हणजे ड्रॉप आर्म, हलत नाही, तर खेळ बॉक्सच्या आत आहे. ड्रॉप आर्म लगेच हलतो पण रस्त्यावरचे चाक मागे राहते, तर दोष पुढच्या जोडांत आहे. मग मधला रॉड, त्याचे दुसरे टोक धरणारा पलीकडचा आयडलर आर्म आणि चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोके, अशा प्रत्येक जोडावर बोटे ठेवून धक्का कुठे जाणवतो ते त्यांनी मलाही खाली बोलावून दाखवले. आयडलर आर्म फिरण्याऐवजी वर-खाली उचलला जात होता, कारण त्याचा बुश (जोडाच्या आत बसणारी नळी) पूर्ण झिजलेला होता. टाय रॉडचे एक टोकही गेले होते. स्टिअरिंगचे चाक वर-खाली हलत होते ते कॉलमच्या वरच्या बुशमुळे, आणि खडखड तर गिअरच्या जोडण्यांची होती. या गाडीचा गिअर कॉलमवरच असल्यामुळे तो आवाज स्टिअरिंगचा वाटतो. मला घाबरवण्यासाठी नेमका तोच दांडा हलवला गेला होता.

पद्मिनीच्या बॉक्समध्ये वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि त्याच्या आट्यांत बसणारा रोलर असतात, आणि झाकणावरच्या स्क्रूने रोलर वर्मच्या जवळ आणता येतो. हा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला की आतला खेळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो, पण स्टिअरिंग अडकू लागते, वळणानंतर परत येत नाही आणि दाते लवकर खराब होतात. आमच्या बॉक्सचा स्क्रू तसाच आवळलेला होता, आणि आत गिअर ऑइलऐवजी घट्ट ग्रीस भरलेले होते. झाकणाजवळचा ताजा रंग खरवडला तेव्हा पंचाने (खूण ठोकायच्या टोकदार हत्याराने) मारलेले तीन ठिपके दिसले. १९९७ मध्ये बॉक्स उघडला गेला, तेव्हा झाकण पूर्वीसारखेच बसावे म्हणून वडिलांनी ते मारून घेतले होते आणि तशी नोंद गाडीच्या वहीत केली होती. नवा म्हणून ज्याचे पैसे घेतले, तो आमचाच बॉक्स होता.

बुश, टाय रॉडचे टोक, स्क्रूची योग्य जुळणी, नवे ऑइल आणि मजुरी धरून खरा खर्च ४,२०० रुपये आला, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग त्यांनी न मागता माझ्या हातात दिला. आता कोणत्याही गॅरेजमध्ये गाडी देताना मी आधी बॉक्सचे फोटो काढतो, त्यावर रंगाची खूण करतो, आणि जुना भाग परत मिळेल हे कागदावर लिहून घेतो. स्टिअरिंगचे काम ‘आजच’ करा म्हणणाऱ्याला मी खाली वाकून धक्का कोणत्या जोडात आहे ते बोटाने दाखवायला सांगतो.

पहिल्या गॅरेजला मी ठिपक्यांचे फोटो आणि वहीच्या पानाची प्रत जोडून लेखी पत्र दिले, तेव्हा १०,००० रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे तोही अर्ज तयार करत आहे. माझ्याकडे बिल नाही, मात्र आगाऊ रक्कम यूपीआयने दिल्याची नोंद आहे आणि वडिलांच्या अक्षरातले ते पान आहे.