जुन्या स्विफ्टचे नवे टायर : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१२ची. आम्ही राहतो साताऱ्यात, माझं माहेर चिपळूणला. त्यामुळे या गाडीच्या नशिबी गावातला बाजारहाट, मुलाच्या क्लासच्या फेऱ्या, आणि अधूनमधून उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरणं. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, त्याहून जास्त नाही. हा आकडा आधीच सांगून ठेवते, कारण टायर निवडताना मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

जुने टायर २०१८चे होते. नक्षी बरीच शिल्लक होती. खाचांमध्ये जे छोटे आडवे उंचवटे असतात (१.६ मिमी, आपल्याकडे कायद्याने चालणारी किमान खोली), तिथपर्यंत झीज पोचायला अजून वेळ होता. सासरे म्हणाले, "अजून दोन वर्षं आरामात जातील." नुसती नक्षी बघितली तर त्यांचं बरोबरच होतं. पण रबर पार कडक झालं होतं आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसत होत्या. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की चाकं थांबायची, गाडी मात्र पुढे सरकत राहायची. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं होण्याआधीची गाडी आहे, तेव्हा घसरायला लागली की सावरणारं दुसरं काही नाही.

खरी गंमत स्टेपनीची. ती गाडीबरोबर आलेली, तेरा वर्षांत फारशी रस्त्याला लागलेलीच नाही. नक्षी अगदी कोरी, वरचे केसासारखे रबराचे तंतूसुद्धा शाबूत. बाजूला कोरलेले चार आकडे मात्र २०१२ सालचे. या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. म्हणजे ०९२५ असेल तर २०२५चा नववा आठवडा. टायर चालो न चालो, हवेतल्या ऑक्सिजनने आणि उन्हाने रबर आपल्या गतीने म्हातारं होतच असतं. टायर कंपन्याही सांगतात, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाका. सासऱ्यांना मी ती स्टेपनी नेऊन दाखवली, मग आमचा वाद मिटला.

दुकानात गेल्यावर मात्र आयुष्याचाच बाजार मांडलेला असतो. "ताई, हा घ्या, लाख किलोमीटर कुठे जात नाही." सात-आठ हजारांच्या हिशेबाने लाख किलोमीटर व्हायला तेरा वर्षं लागतील. तोवर रबराचा दगड झालेला असेल, आणि गाडीचं काय झालेलं असेल ते वेगळंच. आमच्या आरसीची पंधरा वर्षं २०२७ला संपतात. फिटनेस होऊन नूतनीकरण झालं तर पुढची पाच, म्हणजे २०३२. तोवर टायर सात वर्षांचे होतील आणि पन्नासेक हजार किलोमीटर चालतील. मला लागतो तो तेवढ्या मुदतीचा टायर. उरलेल्या पन्नास हजारांचे पैसे मी कशाला भरू? आणि नुसते पैसेच नाही. टायर जास्त चालवायचा तर त्याचं रबर सहसा कडक ठेवावं लागतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड त्यात थोडीफार जाते. झीज, पकड आणि पेट्रोल या तिघांची ही रस्सीखेच जुनी आहे. सिलिका मिसळलेल्या रबराने पकड न घालवता पेट्रोल वाचवणं बरंच सोपं केलं, तरी तिन्हींत पैकीच्या पैकी गुण घेणारा टायर या साइजमध्ये माझ्या तरी बघण्यात आला नाही. टॅक्सीवाल्याने, रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याने लाखवाला टायर जरूर घ्यावा. त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो, आमचा झिजायच्या आत म्हातारा होतो.

म्हणून कंपनीपेक्षा मॉडेल बघा, असं मी म्हणेन. अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ, सिएटचा मायलेझ, गुडइयरचा ड्युराप्लस ही मंडळी नावातच टिकाऊपणा सांगतात. मिशेलिनच्या एनर्जी एक्सएम२ प्लससारख्यांचा भर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकवर. एकाच कंपनीकडे दोन्ही स्वभावांचे टायर मिळतात, त्यामुळे "अमुक कंपनी चांगली का?" या प्रश्नाला तसा अर्थ नाही. मी ओल्या रस्त्याच्या गटातला एक घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळे त्या नावावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

साइजवरूनही आग्रह झाला. मूळ साइज १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. दुकानदार म्हणाला, १८५/७० टाका, गाडी रोडला चिकटून चालेल. याच चाकावर तो बसतो, हे खरं. उंचीचं गणितही जुळतं. मूळ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी, याचा ६१५, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये एक टक्क्याचाही फरक नाही. (१७५/७० मात्र कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तो ६०० मिमी भरतो, गाडी जवळजवळ एक सेंटिमीटर खाली येते आणि काटा जास्त वेग दाखवतो.) तरी मी मूळ साइजच ठेवली. गाडीला ताकद आहे तेवढीच आहे, रुंद टायर ओढायला इंजिनाला जड जातं, पार्किंगमध्ये स्टिअरिंगही जड होतं. दुसरं म्हणजे, साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी कापत खाली टेकतो, रुंद टायर लवकर तरंगायला लागतो. कोरड्या हायवेवर वळणं घेण्याची हौस असेल तर १८५ घ्या, माझी ना नाही. साइजपुढे ८५ टी असं लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. मूळ टायरवर असेल त्यापेक्षा कमी नको, एवढं पाहिलं की पुरे.

जुन्या गाडीच्या बाबतीत टायरइतकंच महत्त्वाचं आहे ते खालचं काम, आणि ते कोणी सांगत नाही. आमचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला जास्त घासलेले होते. हे अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवण्याचं) दुखणं, असं म्हणून दुकानदार लगेच मशीनवर घ्यायला निघाला. मी आधी आमच्या मेकॅनिककडे नेली. लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश गेले होते आणि एका बाजूच्या टाय रॉड एंडला (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या सांध्याला) खेळ होता. हे तसंच ठेवून अलाइनमेंट केलं असतं, तर स्क्रीनवर आकडे हिरवे दिसले असते आणि पहिल्या खड्ड्याला पुन्हा जैसे थे. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा) असल्याने तिथे फिरवून जुळवण्यासारखं काही नाही, तेव्हा "चारही चाकांच्या अलाइनमेंट"चे जादा पैसे कोणी मागितले तर नेमकं काय करणार ते विचारा. रिमच्या कडांना गंज होता, तो तारेच्या ब्रशने घासून घेतला. दर आठवड्याला एका चाकाची हवा उतरायची, ते तेव्हापासून बंद झालं.

आता अनुभव. २०२५ला पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला, त्यामुळे नवे टायर पहिल्या दिवसापासून ओल्यातच. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला गुळगुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवली आणि मग घाटात नेली. हेळवाकच्या पुढे पाऊस सुरू झाला की काचेपलीकडे काही दिसत नाही, आणि पोफळीकडे उतरताना डोंगरावरून लाल माती वाहून आलेली असते. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना समोर एसटी आली, ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ रेषेत थांबली. दोन वर्षांत ओल्या रस्त्यावर असं झालेलं मला आठवत नाही. गणपतीला गेलो तेव्हा नवरा चालवत होता. एरवी टायर या विषयावर त्याला मत नसतं, पण तोही उतरल्यावर म्हणाला, "गाडी धरतेय."

आवाज कमी झाला, पण फक्त डांबरी रस्त्यावर. काँक्रीटवर आडव्या रेघांचा घूंऽऽ आहेच, तो कुठलाच टायर घालवणार नाही. मायलेजमध्ये मोजण्यासारखा फरक नाही. सुरुवातीचे काही दिवस वळणावर स्टिअरिंग किंचित सैल वाटायचं. १३२ मिमी उंचीची बाजू म्हटल्यावर ते व्हायचंच. तीच उंची खड्ड्यात कामी येते, त्यामुळे माझी तक्रार नाही. झीज अपेक्षेइतकीच. खोली मोजायचं शंभर-दीडशे रुपयांचं साधन मिळतं, त्यावर पुढच्या चाकांना अर्धा-पाऊण मिमी कमी झालेली दिसते. नवा टायर साधारण आठ मिमीचा असतो, त्यामानाने ठीक. पावसाआधी मागचे पुढे करून घेणार आहे. कोणी दोनच टायर बदलणार असेल तर नवे मागे टाका. दुकानात हमखास पुढे टाकून देतात, पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर आपल्यासारख्यांना गाडी सावरता येत नाही.

हवा दारातल्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना. पंपावरच्या मीटरांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतला. थंडीत आकडा एक-दोनने उतरतो, तेव्हा डिसेंबरात पुन्हा भरावी लागली. नायट्रोजनसाठी पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो.

२०१८च्या चारांपैकी त्यातल्या त्यात बरा होता तो स्टेपनी म्हणून ठेवला, पण पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरताच. बाकीचे दुकानात दिले. जुन्या टायरांना यंत्राने पुन्हा खाचा पाडून विकणारे लोक असतात, म्हणून देताना बाजूला समोर काप मारून घेतला. दुकानदाराला ते आवडलं नाही.

किमतीचं सांगायचं तर मला या साइजमध्ये साडेचार ते सहा हजारांपर्यंतचे भाव सांगितले गेले, तेही २८ टक्के जीएसटीसह. माझी खरेदी झाली आणि २२ सप्टेंबर २०२५पासून कर १८ टक्क्यांवर आला. आता घेणाऱ्यांनी जुना भाव ऐकू नये. पक्कं बिल मागावं, आणि त्यावर चारही टायरांचे ते चार-चार आकडे लिहून घ्यावेत. वॉरंटीची वेळ आली तर ते उपयोगी पडतात.