‘ओरिजिनल फ्लॉईड रोझ’च्या नावाखाली २०,१५० रुपयांचा चुना

फ्लॉईड रोझ म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा हलणारा ब्रिज, त्याचा दांडा (बार) दाबला की तारा ढिल्या होतात, वर ओढला की ताणतात. जुन्या युनिटचे १८,५०० (आधी ५,००० टोकन, मग १३,५००, दोन्ही यूपीआयने), कुरिअरचे ४५०, बसवायची मजुरी १,२००. एकूण २०,१५० रुपये. आणि मी गिटार शिकवतो! पोरांना ट्यूनिंगवर लेक्चर देणारा माणूस. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

जुना माल विकणारे कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. ‘ओरिजिनल, मेड इन जर्मनी’ असा शिक्का, लॉकिंग नटसकट (तारा वरच्या टोकाला घट्ट धरणारा भाग) पूर्ण सेट. शिक्का बघून पैसे टाकू नका, शिक्का कोणीही मारतो.

विकणाऱ्याने व्हिडिओही पाठवला होता. बार पूर्ण खाली दाबला, तारा लोंबकळल्या, सोडल्यावर कॉर्ड एकदम सुरात. मध्ये ब्रिजचा क्लोजअप घातला होता. तिथेच कट मारून परत ट्यून केलं असणार, हे आता कळतंय.

पण खरा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. मी त्याला म्हटलं होतं, बेसप्लेटला (ब्रिजची खालची मुख्य पट्टी) लोहचुंबक लावून दाखवा. कारण ओरिजिनलची बेसप्लेट कडक केलेल्या स्टीलची असते, स्वस्तातल्या कॉपीची बऱ्याचदा झिंकच्या मिश्रधातूची, आणि झिंकला चुंबक चिकटत नाही. तो म्हणाला, “दादा, गिटारजवळ चुंबक नको, पिकअप खराब होतात.” पिकअप म्हणजे गिटारमधला तारांचा आवाज पकडणारा भाग. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं. युनिट तर सकाळीच गिटारमधून काढून टेबलावर ठेवलेलं होतं! फोटो त्यानेच पाठवलेला, माझ्या मोबाइलमध्ये होता! कुठला पिकअप? पण माणूस इतका शांतपणे, ‘दादा दादा’ करत बोलत होता की कोणीही गप्प बसला असता.

बसवल्यावर आठवडाभर ठीक चाललं. मग बार सोडला की ‘जी’ (G) स्वराची तार चढलेली, वर ओढला की सगळंच उतरलेलं. लॉकिंग नटने तार वर घट्ट धरली, सॅडलने खाली धरली, तरी ब्रिज ज्या धारेवर डुलतो ती धारच मऊ असेल तर तो दर वेळी नव्या जागी बसतो. कारागिराने काढून दाखवलं, दोन्ही धारा स्टडने (धार ज्यावर टेकते ते खिळे) चेपलेल्या. नट कितीही आवळा, काही उपयोग नाही. उलट जास्त आवळून तार तुटते, तेही करू नका.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. “माल मिळाला ना? मग हा व्यवहारातला वाद आहे.” १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, सांगितलं, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, ग्राहक म्हणून तक्रार बसत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ वाचून गेलो होतो. साहेब म्हणाले, “गिटारचा पार्ट? साडेअठरा हजाराचा?” आणि शेजारच्याला हसून दाखवलं. जस्त विकून स्टीलचे पैसे घेतले याला फसवणूक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर “उद्या या.” उद्या गेलो तर ते साहेब रजेवर. अर्ज दिला की पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलूच नका.

चॅट आणि त्याचा व्हिडिओ आधी सेव्ह करा, मला ब्लॉक केल्यावर त्याची जाहिरात दिसेनाशी झाली. मित्राच्या मोबाइलवर मात्र दिसते. तोच फोटो, तेच ‘मेड इन जर्मनी’, किंमत आता १७,९००.